कुठला रे तू?

गढीवरचा

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण तिथपर्यंत यायला मला जरा वळसा घालावा लागणार. चहा घेऊन बसा.

परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेटवरून पोरांची जुंपली. आमचे चिरंजीव, वय वर्षं अकरा, समोरच्या आठवीतल्या पोराला म्हणाले, "माझे पप्पा काझीच्या गढीवरचे आहेत, माहितीये ना?" तो पोरगा घाबरला की नाही कोण जाणे, त्याची आई मात्र घाबरली. तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की मुलांच्या तोंडी असली भाषा येते कुठून. बायकोने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी चेहरा गंभीर ठेवला. पण खोटं कशाला बोलू, आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

पोराचा जन्म पाथर्डी फाट्याचा. लिफ्ट बंद पडली तर दोन मजले चढायला कुरकुरतो. गढीवर तो आयुष्यात चार-पाचदा गेला असेल, तेही आजीचं बोट धरून तिच्या जुन्या शेजारणीकडे. तिथे संडास कुठे आहे विचारलं आणि उत्तर ऐकून घरी येईपर्यंत कळ काढली.

जे नाशिकचे नाहीत त्यांनी गढी म्हणजे बुरूज-तटबंदी असलं काही डोळ्यांपुढे आणू नये. जुन्या नाशकात गोदावरीच्या काठावर मातीचं एक मोठं टेकाड आहे, त्यावर दाटीवाटीने घरं. खाली कुंभारवाडा. पुराचं पाणी वर येत नाही, ते खालून पाय ओढतं. दर पावसाळ्यात नदीकडची माती थोडी घसरते आणि तिच्याबरोबर कुणाची मोरी, कुणाचं अंगण, कधी अख्खी भिंत. आमचं घर शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. मी नववीत असताना शेवटची ओळ गेली आणि आम्ही शेवटच्या ओळीत आलो. बढतीच म्हणा.

अख्खं नाशिक पूर मोजतं तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमच्या घरी कमरेला लागलं की आई पत्र्याची ट्रंक काढायची. रेशन कार्ड, माझी दहावीची मार्कशीट, आजोबांचा फोटो आणि हार गुंफायच्या सुया. आई दहीपुलाच्या बाजारातून पहाटे शेवंती आणायची आणि दुपारपर्यंत हार करून द्यायची, म्हणून सुया ट्रंकेत. सोनं नव्हतंच, त्यामुळे तो प्रश्न मिटला होता. वडील रविवार कारंज्यावर हातगाडी ओढायचे.

आता वस्तीबद्दल. आमच्या गल्लीत एक जण तडीपार होता. तडीपार असूनही गणपतीत हजर असायचा, आणि सगळ्यांना माहीत असायचं. हे लोक आमच्याशी फार चांगले वागायचे, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. तर ऐका. एका पावसात आमच्या शेजारची भिंत बसली तेव्हा रात्री दोन वाजता ह्याच माणसाने माझ्या आजीला पाठुंगळी घेऊन खालच्या शाळेत पोचवलं. त्याच वर्षी दिवाळीत त्याने माझ्या वडिलांच्या हातगाडीमागे रोजचे दहा रुपये सुरू केले. एकदा दिले नाहीत तर गाडीचं चाक काढून नेलं. मला दोन्ही आठवतं. पोराला मी फक्त आजीची गोष्ट सांगितली होती. चूक माझी.

ह्यापेक्षा मोठी चूक पुढे आहे. बारावीनंतर मी नोकऱ्या शोधायला लागलो. पहिल्या इंटरव्ह्यूत समोरच्याने विचारलं, "राहायला कुठे?" मी आमच्या भागाचं नाव सांगितलं, "भद्रकालीत." तो म्हणाला, "हं," आणि कागद उलटा ठेवला. त्यानंतर सहा वर्षं माझ्या प्रत्येक अर्जावर इंदिरानगरच्या मावशीचा पत्ता होता. मित्र गाडीवरून सोडायला आले तर मी गाडगे महाराज पुलाशीच उतरायचो. म्हणायचो, आत ट्रॅफिक असतं.

तोच मी आज अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून "गढीवरचे" ऐकतो आणि कॉलर ताठ होते!

हे सगळं एरवी विसरून गेलो असतो. पण मी रात्रपाळी करतो, अमेरिकेतल्या ट्रकांचं डिस्पॅचिंग. म्हणजे मी इथे खुर्चीत, ड्रायव्हर तिकडे कॅलिफोर्नियात, आणि मी त्याला माल मिळवून द्यायचा. आमचा एक ड्रायव्हर पन्नाशीचा, मेक्सिकन आई-बापाचा, जन्म लॉस एंजेलिसचा. गोदामाच्या दारात माल उतरवायला वेळ लागला की पहिले दोन तास फुकट, नंतर तासावर पैसे लागतात. तो मीटर चालू होईपर्यंत आम्ही गप्पा मारतो. मी त्याला पोराची भानगड सांगितली तर तो एवढा हसला की मला वाटलं फोन पडला.

तो बॉइल हाइट्सचा. शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडे. आई पहाटे टमाले करून विकायची, म्हणजे मक्याच्या सालपटात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, आत मांस. आपल्या पानग्याचा मेक्सिकन मावसभाऊ. रात्री वर पोलिसांचं हेलिकॉप्टर आणि त्याचा प्रकाश खिडकीतून भिंतीवर फिरायचा. तो म्हणाला, लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांना रात्री असा फिरता दिवा असतो. भाडी परवडेनात म्हणून आता तो फोंटानाला राहतो, सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. त्याचा मुलगा जन्मला फोंटानात, आणि टी-शर्ट घालतो बॉइल हाइट्सचा.

मग त्याने एक सांगितलं, ते डोक्यातून जात नाहीये. त्याच्या तरुणपणी रस्त्यात कुणी थांबवून "कुठला तू?" विचारलं तर तो पत्ता विचारत नसायचा, टोळी विचारत असायचा. त्यावर जीव वाचवणारं उत्तर एकच: "कुठलाच नाही." आईने पाठ करून घेतलं होतं म्हणे. आणि आज कुणीही विचारलं की तो पहिल्यांदा बॉइल हाइट्सच म्हणतो.

आपल्याकडेही "कुठला रे तू?" हा प्रश्न असाच यायचा, चार पोरं भिंतीला टेकलेली असायची आणि त्यातला एक विचारायचा. फक्त आपल्याकडे "कुठलाच नाही" चालायचं नाही. गल्लीचं नाव सांगावंच लागायचं, मग नशीब.

तर प्रश्न. ज्या वस्तीतून आपल्याला बाहेर काढायला आई-बापाने हाडं झिजवली, जिचं नाव आपण स्वतः सहा वर्षं लपवलं, तिचा अभिमान बाळगणं ढोंग आहे का? आणि पोराला काय सांगू?


तिवंधा एक्सप्रेस

गढीवाले भाऊ, एक नंबर! आपण तिवंध्याचे. ढोंगबिंग काही नाही, ज्याने रहाडीत धप्पा मारलाय त्याला अभिमानाची परवानगी कुणाकडून घ्यावी लागत नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो. रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळातला रंगाचा हौद. वर्षभर जमिनीखाली गाडलेला, वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात, नवख्याला पत्ताही नसतो. रंगपंचमीच्या तोंडावर उकरायचा, लाकडं काढायची, धुवायचा, पूजा करायची, फुलांचा उकळलेला रंग ओतायचा. मग काठावरून उडी, तोच धप्पा. जितका जोरात, तितका रंग लोकांवर. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा, आमचा पिवळा. आठ दिवस कानातून निघत नाही. मी पंचमीनंतर तीन दिवसांनी मुलगी बघायला गेलो होतो, पिवळ्या कानांनी. लग्न तिथेच ठरलं. सासरे शनी चौकाचे निघाले, तिथेही रहाड आहे. ते अजून म्हणतात रंग आमचाच खरा, मी काही बोलत नाही, जेवायला तिकडेच असतो.


मीनल

गढीवरचा, तुमचं लिहिणं आवडलं. आता थोडं टोचणारं लिहिते, राग मानू नका.

मी जुन्या तांबट लेनमधल्या वाड्यात वाढले. बारा बिऱ्हाडं, एक नळ, दोन संडास. ह्या असल्या आठवणींच्या धाग्यांवर मी बघते, नव्वद टक्के लिहिणारे पुरुष असतात. गल्ली, कट्टा, राडे, गणपती, वाकडी बारवेपासूनची मिरवणूक, ढोल. सगळं घराबाहेरचं. आम्हाला हे सगळं गॅलरीतून दिसायचं, आणि संध्याकाळी सातनंतर गॅलरीतूनही नाही. "कुठला रे तू" हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही. मला विचारायचे, "कुणाची गं तू?"

मी दहावीत असताना वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर रोज तीन पोरं बसायची. मी घरी सांगितलं. उपाय काय निघाला? माझा क्लास बंद. पोरं तिथेच बसून राहिली. त्यातला एक आज फेसबुकवर "आमची गल्ली, आमची शान" असं लिहितो, मी त्याच्या फोटोंना लाइक करत नाही एवढाच माझा सूड.

तरीही. एक गोष्ट मी माझ्या मुलीला सांगते आणि सांगताना माझाही आवाज बदलतो, म्हणजे तुम्ही म्हणता ती कॉलर मलाही आहे. आमच्या मागच्या खोलीत एक बाई होती, नवरा पिऊन मारायचा. पोलीस वगैरे कुणी बोलवत नसे. एका रात्री माझ्या आजीने पितळेची परात घेतली आणि उलथण्याने बडवायला सुरुवात केली. समोरच्या वहिनींनी तपेलं घेतलं. मग वरच्यांनी. तांबटांच्या वाड्यात भांड्यांना काय तोटा! दिवसभर ज्या गल्लीत हातोड्यांची ठकठक ऐकून कान किटायचे तिथे रात्री अकराला बारा बिऱ्हाडांतल्या बायका भांडी बडवत होत्या. कुणी एक शब्द बोललं नाही. तो माणूस दारात आला, इकडेतिकडे बघितलं आणि आत गेला. मारणं पूर्ण थांबलं असं नाही म्हणणार मी, पण परात वाजली की थांबायचं. आजी गेल्यावर ती परात आईने घेतली, आता माझ्याकडे आहे. कडेला पोचे आहेत. कल्हईवाल्याने विचारलं, ठोकून सरळ करू का? म्हटलं, हात लावू नकोस.

अभिमान बाळगा, पण कशाचा ते नीट नाव घेऊन सांगा. पोराने "पप्पा गढीवरचे" म्हटलं त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात "पप्पा मारू शकतात" एवढाच आहे. हातगाडीचं चाक काढून नेलं ती गोष्ट त्याला ठाऊक असती तर तो असं बोलला असता का?


नदीकाठ

भो, मी अजून गढीवरच राहतो. नाव सांगत नाही, तुमची आई ओळखेल.

तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला छान वाटतं. आम्हाला दर जूनमध्ये कागद येतो, घर धोकादायक आहे, खाली करा. कुठं जायचं ते कागदावर नसतं. पाऊस जास्त झाला की चार दिवस हलवतात, मग परत. माझ्या पोरीच्या शाळेच्या वह्या एका पिशवीत दाराला टांगलेल्या असतात जून ते सप्टेंबर. तुमची ती ट्रंक, आमची पिशवी.

आणि तुम्ही लिहिलंय तो तडीपार आता वारला. शेवटी त्याला डायलिसिसला मीच न्यायचो रिक्षात. पैसे नाय घेतले. का नाय घेतले ते मला पण नाय माहीत.

मीनलताई बरोबर बोलल्या. पोराला घेऊन या एकदा. पावसाळ्याच्या आत.


निवृत्त गुरुजी

इतिहास शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला ठेवून मला जे दिसतं ते सांगतो.

गढीवरच्या पोरांनी लगोरीसाठी कसल्या ठिकऱ्या वापरल्या ते कुणी लिहिलं नाही. मी सांगतो. टेकाडाच्या कडेला माती घसरली की खापरांचे तुकडे बाहेर येतात, त्याच. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या ह्याच मातीच्या गढीवर उत्खनन केलं, १९५५ मध्ये अहवाल छापला. त्याच मोहिमेत प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खणलं गेलं, आणि पुढे ताम्रपाषाण काळातल्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वेचं नाव मिळालं. गढीच्या तळाशी त्या काळाचे थर, वर सातवाहनांच्या वेळचे, त्याच्या वर मागाहूनचे. म्हणजे ते टेकाड निसर्गाने केलेलं नाही, माणसांनी एकावर एक राहून राहून केलेलं आहे. घर पडायचं, त्यावर दुसरं बांधायचं, तेही पडायचं.

कुंभारवाड्याचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी दिलेलं दान नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवलं, व्याजातून औषध. त्यात पाण्याची यंत्रं चालवणारे आहेत, तेली आहेत आणि 'कुलरिक' आहेत, ज्याचा अर्थ अभ्यासक कुंभार असा लावतात. त्यांच्याकडे एक हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, ठेवले होते. आजच्या कुंभारवाड्याशी त्यांचं थेट नातं आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या इंटरव्ह्यूवाल्याने भद्रकाली ऐकून कागद उलटा ठेवला त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की ह्याच भागात कुंभारांवर विश्वास ठेवून पैसे ठेवायचे, आणि ते दगडावर कोरून ठेवायचे.

ता. क. ठिकऱ्या उचलून घरी नेऊ नयेत.


जेलरोड ते आर्टेशिया

नमस्कार. मी मूळचा नाशिकरोडचा, जेलरोड. आता तेरा वर्षं लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला आर्टेशियाजवळ, जिथे आपल्या किराण्याची दुकानं आहेत. बॉइल हाइट्समध्ये मी खायला जातो, राहिलेलो नाही, त्यामुळे तिथलं सांगायचा हक्क तुमच्या ड्रायव्हरदादांचा. पण दोन-तीन गोष्टी.

ह्या वस्तीला लोक आता फक्त टोळ्यांमुळे ओळखतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या छाताडावर महामार्गांचं प्रचंड जंक्शन बांधलं, घरं गेली. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली: आमचा इतिहास शिकवा, आम्हाला कॉलेजात पाठवा, नुसतं सुतारकाम शिकवू नका. ही पोरं सतरा-अठरा वर्षांची. तिथली म्हातारी माणसं "मी इथला" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेही असतं. मी आमच्याकडे लहानपणी काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आजोबा २ मार्च हा दिवस विसरायचे नाहीत, त्यामुळे मला ती भाषा लगेच कळली.

दुसरी गोष्ट गढीवाल्यांसाठी. शहराच्या मध्याजवळ शावेझ रवीन नावाची दरी होती, तीन छोट्या मेक्सिकन वस्त्या: पालो वेर्दे, ला लोमा, बिशप. कच्चे रस्ते, कोंबड्या, बकऱ्या. १९५० च्या सुमारास सरकारी घरं बांधू, तुम्हालाच आधी देऊ असं सांगून लोकांना हलवलं. मग राजकारण फिरलं, घरांचा बेत रद्द. जे मागे राहिले होते त्यांना १९५९ च्या मे महिन्यात पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये तिथे बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. त्या वस्त्यांतले लोक स्वतःला 'लोस देस्तेर्रादोस' म्हणतात, मुळासकट उपटलेले, आणि बाजूच्या बागेत वर्षातून एकदा जेवणाचे डबे घेऊन जमतात. नातवंडं विचारतात आजी तुझं घर कुठे होतं, तर आजी पार्किंगकडे बोट दाखवते.

मी हे रडवायला सांगत नाहीये. तुमचं घर पडलं तरी टेकाड अजून आहे, आणि नदीकाठ दादा तिथे राहतात, एवढंच म्हणायचं होतं. आणि त्यांच्या दाराला टांगलेली पिशवी वाचून मला अभिमान वगैरे शब्द जरा जपून वापरावासा वाटला.

बाय द वे, १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात गावोगावच्या क्रूझिंगबंद्या कायद्याने उठल्या. म्हणजे जमिनीला टेकतील अशा बुटक्या, चकाचक जुन्या गाड्या घेऊन रविवारी हळूहळू मिरवायचं, हे आता गुन्हा नाही. ड्रायव्हरदादांना विचारा त्यांच्या घरात कुणाची होती का. असणारच.


गढीवरचा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो, रात्रपाळीमुळे उशीर झाला.

गुरुजी, एक ठिकरी माझ्याकडे आहे. तांबडी, कडेला काळी रेघ. लगोरीत सगळ्यात वरची असायची, कारण सपाट होती. तीस वर्षं खिशातून कपाटात आणि कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरते आहे. आता तुम्ही सांगितल्यावर तिच्याकडे बघायला भीती वाटते. परत कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा.

आर्टेशियावाले, विचारलं. त्याच्या मामाकडे १९६४ ची इम्पाला गाडी होती, निळी. मामा वारल्यावर मामीने विकली आणि त्या पैशात नळाची आणि छताची दुरुस्ती केली. तो म्हणाला, मला अजून राग आहे. मग म्हणाला, छत मात्र गळत नाही.

मीनलताई, राग नाही. तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, आपल्या गल्लीत बायकांचं काय होतं? आई आधी म्हणाली काही नाही. मग पाऊण तास बोलत होती. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पोराला चाकाची गोष्ट सांगितली. मावशीच्या पत्त्याचीही सांगितली, ती जास्त जड गेली. त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं लिहायचे?" म्हटलं, हो. त्यावर काही बोलला नाही, नंतर बायकोला म्हणाला की पप्पांनी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं होतं तर मी गृहपाठाचं खोटं बोललो तर काय बिघडतं. हा धडा अपेक्षित नव्हता.

काल रविवार होता, त्याला घेऊन गढीवर गेलो. नदीकाठ, तुम्ही कोण ते आईने दोन वाक्यांत ओळखलं, तिला खालीच भजी आणायला थांबवून मी वर आलो म्हणून तुमच्या आईच्या पायावर डोकं ठेवायचं राहिलं तिचं. आमचं घर होतं तिथे आता हवा आहे. खरंच, नुसती हवा, खाली माती आणि त्याखाली नदी. मी पोराला बोटाने दाखवलं, इथे चूल, इथे माझं दप्तर. तो म्हणाला, "कुठे?" मी पुन्हा दाखवलं.

तेवढ्यात चार पोरं आली, हातात बॅट. एकाने आमच्या चिरंजिवांना आपादमस्तक बघितलं, बूट बघितले आणि विचारलं, "कुठला रे तू?"

मी श्वास रोखून उभा. सोसायटीतला वाघ माझ्याकडे बघतो, खाली बघतो, घोटभर थुंकी गिळतो आणि म्हणतो, "पाथर्डी फाटा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोठा म्हणाला, "बरं, फिल्डिंगला ये. नदीच्या बाजूला."


नदीकाठ

बॉल दोनदा खाली गेला. दोन्ही वेळा त्यानेच आणला. बूट आमच्याकडे राहिलेत, धुऊन ठेवलेत, न्या येऊन.